सेल कल्चरसाठी घेतलेलं डी-ग्लुकोज पावडर: आठ महिने वापरून काय वाटलं

आधी सांगते, मी पुण्यात पीएचडी करते, हेपजी२ (लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या यकृताच्या) पेशींवर काम आहे, इन्सुलिन रेझिस्टन्सचं, पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत ते. म्हणजे आमच्याकडे ग्लुकोज हाच प्रयोग. बिनग्लुकोजचा डीएमईएम मीडिया (पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव) आणायचा आणि त्यात आपल्याला हवं तेवढं ग्लुकोज घालायचं, एका फ्लास्कला ५.५ मिलिमोलर, दुसऱ्याला २५. ज्यांना हे आकडे परके वाटतात त्यांनी १८ ने गुणा, ५.५ म्हणजे डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम, आपली उपाशीपोटीची शुगर, आणि २५ म्हणजे ४५०! नेहमीचा हाय ग्लुकोज मीडिया हाच, लिटरला साडेचार ग्रॅमवाला, पेशी वर्षानुवर्षं त्यात मजेत वाढतायत आणि आपण त्यांना नॉर्मल म्हणतो, असो.

फेब्रुवारीत ५०० ग्रॅमची बाटली आली, अ‍ॅनहायड्रस, म्हणजे बिनपाण्याची, सेल कल्चर टेस्टेड. आई म्हणाली उन्हाळ्यात आपण ग्लुकोजचा डबा आणतो तेच ना हे, मग एवढे पैसे कशाला. तेच आहे गं, पण घरच्या डब्यात व्हिटॅमिन-कॅल्शियम असतं, आणि एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं विष) किती आहे ते तिथे कोण तपासतंय. आपल्याला सरबतात ते चालतं, पेशींना चालेलच असं नाही, मॅक्रोफेजवाल्यांना (रोगप्रतिकारक पेशींवर काम करणाऱ्यांना) तर अजिबात नाही.

पावडर म्हणून तक्रार नाही. पांढरी शुभ्र, पटकन विरघळते, विरघळताना बीकर हाताला थोडा गार लागतो. एक मोलर (हजार मिलिमोलर) स्टॉकसाठी, म्हणजे आधीच करून ठेवायच्या दाट द्रावणासाठी, १८ ग्रॅम घेते, पण १०० मिली पाण्यात नाही ओतायची हां, आधी ६०-७० मिलीत विरघळवून मग १०० पर्यंत भरायचं. नाहीतर ते ११० च्या वर जातं आणि स्टॉक पातळ. नवीन आलेली प्रत्येक मुलगी ही चूक एकदा करते, मीही केलेली.

दुसरी चूकही माझीच, पहिला स्टॉक ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केला. बाहेर काढला तर फिका पिवळा, साखर करपायला लागल्यासारखा, सिनियरने बघितलं आणि काही न बोलता सिंकमध्ये ओतला. तेव्हापासून ०.२२ मायक्रॉनचा जंतू गाळणारा फिल्टर, निर्जंतुक हवेच्या हूडमध्ये, छोट्या ट्यूब भरून फ्रीझरला. फ्रिजमध्ये मोठी बाटली ठेवून रोज उघडायची नाही, गोड पाणी आहे ते, बुरशी टपूनच बसलेली असते. एकदा जागा वाचवायला ४५ टक्क्यांचा स्टॉक केला तर सिरिंज दाबून दाबून अंगठा दुखला, एक मोलरच बरा. एकूण ५०० मिली मीडियात साडेबारा मिली असलं की २५ मिलिमोलर, हिशोबही सोपा. आणि सोबत तुलनेसाठी मॅनिटॉलचा (साखरेसारखाच, पण पेशी सहसा वापरत नाहीत असा पदार्थ) कंट्रोल ठेवा, ५.५ ग्लुकोज अधिक १९.५ मॅनिटॉल, नाहीतर गाईड विचारणारच की हा परिणाम साखरेचा की नुसत्या ऑस्मोलॅरिटीचा, म्हणजे द्रावणात विरघळलेले कण वाढल्याचा. मीडियात घालतो त्या सिरममध्येही (रक्तातला द्रव भाग) स्वतःचं ग्लुकोज असतं, त्यामुळे शून्य ग्लुकोज हवं असेल तर डायलाइज्ड, म्हणजे लहान रेणू काढून टाकलेलं, सिरम घ्यावं लागतं, ते महाग.

आता खरा मनस्ताप. जुलैत बाटली संपत आली म्हणून इंडेंट (खरेदीची मागणी) टाकला, नुसतं डी-ग्लुकोज, सेल कल्चर टेस्टेड असं लिहून. डीलरने एक किलोची बाटली पाठवली, दिसायला तशीच. जुन्या सवयीने १८ ग्रॅम, १०० मिली. मग ताजा मीडिया जीओडी-पीओडी किटवर (एन्झाइमने ग्लुकोज मोजणाऱ्या) तपासला तर ४५० च्या जागी ४१०. परत केला, ४०८. वाटलं किटमधलं एन्झाइम ग्लुकोजचं फक्त बीटा रूप ओळखतं, ताज्या द्रावणात ते कमी असेल, म्हणून स्टॉक रात्रभर ठेवला, सकाळी तेच. पिपेट कॅलिब्रेट करून आणली, किट नवीन उघडलं, तीन आठवडे गेले, आणि एका संध्याकाळी सहज बाटली फिरवली तर लेबलवर बारीक अक्षरात मोनोहायड्रेट, ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू. म्हणजे रेणूभार १८०.१६ नाही, १९८.१७. प्रत्येक चिमटीत नऊ टक्के पाणी मी ग्लुकोज म्हणून मोजत होते! डीलरला फोन केला तर म्हणे मॅडम ग्लुकोजच आहे ना, आणि उघडलेली बाटली परत घेत नाही. तसं मोनोहायड्रेट वाईट नाही, १९.८ ग्रॅम घेतलं असतं तर सगळं बरोबर आलं असतं. पण न सांगता बदलून पाठवायचं म्हणजे काय. त्या तीन आठवड्यांचे फ्लास्क बाद, गोठवून ठेवलेल्या, कमी वेळा वाढवलेल्या (खालच्या पॅसेजच्या) पेशी परत थॉ केल्या.

पावसाळ्याचं राहिलंच. ऑगस्टमध्ये पहिल्या बाटलीतल्या उरलेल्या पावडरचे खडे झाले, झाकण नीट लागलं नव्हतं आणि आमच्या वेइंग रूमचा एसी बंद. दमट पावडर वजनात फसवते, तिचा स्टॉक केलाच नाही. आता बाटली डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात), झाकणाला पॅराफिल्म, आणि बॅलन्सवर सगळी तयारी झाली की मगच उघडते.

तिसरी बाटली गेल्या महिन्यात आली, पहिल्याच कंपनीची, इंडेंटवर अ‍ॅनहायड्रस शब्द आणि कॅटलॉग नंबर दोन्ही लाल पेनाने लिहिले होते, सीओए (कंपनीचं तपासणी प्रमाणपत्र) बघूनच सही केली. किटवर ४४७ आलं, तेवढं चालतं. ती एक किलोची बाटली शेजारच्या बॅक्टेरियावाल्या लॅबने नेली, त्यांच्या ई. कोलायची अजून तरी काही तक्रार नाही.