‘पी 5’ छापलेल्या टोकाला सहा पाकळ्या: स्क्रू ड्रायव्हरच्या खरेदीत झालेली फसवणूक

माझ्या 2015 सालच्या मॅकबुक एअरची बॅटरी फुगू लागल्यामुळे त्या लॅपटॉपचे खालचे झाकण उघडणे निकडीचे झाले होते. हे झाकण दहा स्क्रूंनी बसवलेले असते आणि त्या स्क्रूंना पाच पाकळ्यांची, 1.2 मिलिमीटर मापाची पेंटालोब खाच असते. तिला लागणाऱ्या बिटाला, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरच्या बदलता येणाऱ्या टोकाला, ‘पी 5’ म्हणतात. ऑनलाइन बाजारातील एका विक्रेत्याकडे हे बिट असलेला संच होता. जाहिरातीत पाच पाकळ्यांचे स्पष्ट छायाचित्र होते आणि पोलाद ‘एस 2’ या कठीण प्रतीचे असल्याचे लिहिले होते, म्हणून मी तो मागवला.

आलेल्या बिटावर ‘पी 5’ असे कोरलेले होते. ते खाचेत अर्धवट बसले, जोर देताच घसरले आणि पहिल्याच स्क्रूच्या पाकळ्या झिजल्या. भिंगाखाली पाहिले तेव्हा त्याला सहा टोके दिसली. म्हणजे ते टॉर्क्स जातीचे बिट होते आणि त्यावर पेंटालोबचा शिक्का मारून विकले होते. शिवाय पोलाद इतके मऊ होते की एवढ्याशा वापराने टोकाला पीळ पडला. एवढ्या बारीक स्क्रूची खाच एकदा गोल झाली की तो काढायला कारागीरच गाठावा लागतो, आणि त्याची मजुरी संचाच्या किमतीहून अधिक होते. मला या व्यवहाराची खरी चीड आली ती इथे.

म्हणून अशी खरेदी करणाऱ्यांना कळकळीने सांगतो की बिटावरच्या अक्षरांवर विसंबू नका, ते यंत्राला लावण्याआधी भिंगाखाली किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून टोके मोजा. पाच गोलसर पाकळ्या असतील तरच ते पेंटालोब. सहा असतील तर टॉर्क्स. टॉर्क्स खाचेच्या मध्यभागी बारीक खुंटी असेल, जशी प्लेस्टेशन 4 च्या काही स्क्रूंना असते, तर मधे भोक असलेलेच बिट लागते. आयफोनच्या चार्जिंगच्या छिद्राशेजारचे दोन स्क्रूही पेंटालोबच असतात, मात्र त्यांचे माप 0.8 मिलिमीटर, म्हणजे ‘पी 2’. आयफोन 7 पासून आत तीन पाकळ्यांचे ‘वाय’ स्क्रूही सापडतात. दुकानात या साऱ्यांना सरसकट ‘स्टार’ म्हणतात, तेव्हा नुसता ‘स्टार’ मागू नये, यंत्राचे मॉडेल आणि स्क्रूचा फोटो दाखवावा.

विक्रेत्याने ‘वापरलेला माल परत घेत नाही’ असे कळवले. वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 सांगतात. त्या नियमाचा उल्लेख करून, बिटाचे भिंगातून काढलेले छायाचित्र आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडून मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा संचाचे पैसे परत मिळाले. झिजलेल्या स्क्रूची भरपाई मात्र विक्रेत्याने दिली नाही, आणि त्याची जाहिरात त्याच छायाचित्रासह अजून चालू आहे.