टर्बोच्या नादात माझं धडधाकट इंजिन गेलं

माझी सीडिया २००८ची, लाल, एमएच-०४. मित्सुबिशीची ही गाडी आता रस्त्यावर फारशी दिसत नाही, पण ज्याने ती चालवली आहे त्याला ती का आवडते हे सांगावं लागत नाही. मूळ इंजिन ४जी९४, दोन लिटरचं, ११५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती). त्यात काहीच वाईट नव्हतं. वाईट होता तो माझा नाद. जपानमधल्या लान्सर इव्होल्यूशन सात, आठ आणि नऊ या आपल्या सीडियाच्याच सांगाड्यावरच्या, आणि त्यांचं ४जी६३ टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा लावलेलं इंजिन, कागदोपत्री २८० पीएसचं. थोरल्या भावाचं काळीज धाकट्याच्या छातीत बसवायचं, हा किडा चार वर्षं डोक्यात वळवळत होता.

नवी मुंबईच्या एमआयडीसी पट्ट्यात एका गॅरेजवाल्याचं नाव कळलं. नाव लिहीत नाही, का ते पुढे येईलच. माणूस गोड बोलणारा, पहिल्याच दिवशी "सर" वरून "दादा" वर आलेला. जमिनीवर लाकडी पॅलेटला बांधलेलं इंजिन त्याने माझ्यासमोर चालू करून दाखवलं. म्हणे हाफ-कट आहे, म्हणजे जपानमध्ये जुनी गाडी मधून कापून पुढचा अर्धा भाग पाठवतात, त्यातलं. मी पुरावा मागितला. त्याने फडक्याने ब्लॉक पुसला आणि कोरलेला कोड दाखवला: ४जी६३. मी फोटो काढला, मित्रांना पाठवला, रात्री दोनदा झूम करून पाहिला.

मूर्खपणा इथे झाला. बिनटर्बोच्या साध्या इंजिनवरही हाच कोड असतो. टर्बोवाल्याला ४जी६३टी म्हणतात, पण तो शेवटचा "टी" आपण तोंडाने जोडतो, ब्लॉकवर तो नसतो.

सौदा ठरला ४ लाख २० हजारांना. १ लाख ७५ हजार यूपीआयने, तेही गॅरेजच्या नाही तर "घरच्यांच्या" खात्यावर. बाकी रोख. जुन्या ४जी९४चे १८ हजार वजा केले, "भंगारात याहून जास्त कोण देणार दादा?" मी मान डोलावली. पावती मागितली तर एका चिठ्ठीवर "लेबर" लिहून मिळालं. मग तीन महिने दर शनिवारी ऐरोली पुलावरून चकरा. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) न्हावा शेव्याला कंटेनरमध्ये अडकलाय, कस्टमवाले सोडत नाहीत, वगैरे. बंदर शेजारीच असल्यामुळे ही थाप आमच्याकडे फार पटते.

गाडी मिळाली तेव्हा पाम बीच रोडवर तिसऱ्या गिअरला जो खेच बसला आणि पाय काढल्यावर जी "फिस्स" आली... खोटं कशाला बोलू, ते अकरा दिवस सुखाचे होते. बाराव्या दिवशी मुंब्रा बायपासच्या चढावर बॉनेटमधून आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. पाठोपाठ निळा धूर, मग ताकद गायब. घरी टोचन करून आणली. गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "तुम्ही साधं पेट्रोल टाकलंत ना? मग आम्ही काय करणार?"

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवलं वागळे इस्टेटमधल्या एका इंजिन-बोअरिंगवाल्या काकांकडे. त्यांनी दुसऱ्या नंबरचा पिस्टन माझ्या हातात ठेवला. कडेचा तुकडा उडालेला, रिंगेची खाच वितळून मेणासारखी ओघळलेली. मग त्यांनी टॉर्च खालून बोअरमध्ये, म्हणजे पिस्टनच्या नळकांड्यात, मारली. "टर्बोच्या ब्लॉकला इथे तोट्या असतात, पिस्टनच्या पोटावर तेल मारायला. दिसतायत?" नव्हत्या. टर्बो हवा दाबून भरतो, त्यामुळे आत उष्णता वाढते. म्हणून असल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, मुळात कमी ठेवतात, इव्होल्यूशनचं ८.८च्या आसपास, आणि पिस्टन तेलाने गार ठेवतात. माझ्या इंजिनात यातलं काहीच नव्हतं. साध्या ४जी६३वर वरून टर्बो अडकवला होता, त्यामुळे पेट्रोल आपोआप, अवेळी पेट घेत होतं. टर्बोचं तेल परत यायला ऑइल चेंबरला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) भोक पाडून नळी बसवलेली आणि भोवती एम-सील. एम-सील! हे बघून काका हसले, मला रडू येत होतं. शेवटी त्यांनी इंजिन नंबरच्या जागेवरून माझंच बोट फिरवलं. ग्राइंडरचे बारीक ओरखडे नखाला लागत होते, आकड्यांची ओळही तिरकी. जुना नंबर घासून नवा पंच केलेला.

मी तावातावाने गॅरेजवर गेलो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, खुशाल तक्रार करा. आधी तुमचीच गाडी उभी राहील." त्याचं हत्यार हेच होतं, पहिल्या दिवसापासून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही, आणि कलम १८२ए प्रमाणे मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानगीचं मी विचारलं होतं, तर "नंतर बघू, आपला एजंट आहे" असं उत्तर मिळालं आणि ते मला सोयीचंही वाटलं होतं. विमाही जुन्याच इंजिन नंबरवर चालू होता. मुंब्र्याच्या चढावर कुणाला धडक बसली असती तर? तो विचार अजून नीट करवत नाही.

आता ठाण्यातल्या वकिलांच्या सल्ल्याने ग्राहक आयोगात जातोय. गॅरेज नवी मुंबईत असलं तरी आपण राहतो तिथे तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. नाव लिहीत नाही ते प्रकरण दाखल व्हायचंय म्हणून. पण हातात काय? "लेबर"ची चिठ्ठी, एक यूपीआयची नोंद आणि चॅट. आयातीचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल कस्टममधून सुटल्याचा कागद, मी एकदाही मागितलं नव्हतं. काकांसारख्या माणसाला पाच-सात हजार देऊन आधी चेंबर उघडून घेतलं असतं तर त्या तोट्या नसल्याचं तिथेच दिसलं असतं.

पैशांपेक्षा जास्त सलतं ते वेगळंच. आरसीवर ज्याचा नंबर आहे ते इंजिन मी स्वतःच्या हाताने दिलं. ते जवळ असतं तर परत बसवून गाडी उद्या रस्त्यावर आणता आली असती. ते केव्हाच विकलं गेलंय, भंगारात नक्कीच नाही, चालू ४जी९४ कोण भंगारात घालतो? कुठल्यातरी सीडियात ते चालत असेल. त्याच्या टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, मी घरीच लाल रंग दिला होता, आणि तेलाच्या झाकणाच्या डाव्या बाजूला ब्रशचा एक केस रंगात चिकटून वाळलाय. ठाणे-नवी मुंबईत असं इंजिन कुणी विकायला दाखवलं, तर घेऊ नका आणि मला कळवा.