फायटिंग गेमसाठी कॅबिनेटवर कोणती स्टिक? आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दोन खेळाडूंचं आर्केड कॅबिनेट, १८ मिमी एमडीएफचं पॅनल, आत पीसी आणि दोन्ही बाजूंना एकेक यूएसबी एन्कोडर (स्टिक आणि बटणांचे संकेत पीसीला पोचवणारी पाटी). खेळ तीन प्रकारचे: स्ट्रीट फायटर २ आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या, किंग ऑफ फायटर्स, आणि टेक्केन. आठ महिन्यांत या पॅनलवर चार जातींच्या जॉयस्टिक बसल्या आणि उतरल्या: जपानी सान्वाची जेएलएफ, जपानीच सेइमित्सूची एलएस-३२, रबरावर चालणारा कोरियन लिव्हर आणि जुन्या अमेरिकन कॅबिनेटवर असायचा तो हॅप कॉम्पिटिशन जातीचा लांब दांडा. आज दोन्ही बाजूंना जेएलएफ आहे. गेट (दांडा कुठवर कलेल ते ठरवणारी खालची चौकट) मूळचं चौकोनीच, स्प्रिंग मात्र बदललेली. कोरियन लिव्हरची जोडी दुसऱ्या पॅनलवर कायमची बसवून ठेवली आहे, टेक्केनच्या वेळी अख्खं पॅनलच बदलायचं. निकाल हा असला, तरी कोणती स्टिक घेतली यापेक्षा ती बसवली कशी याचाच फरक जास्त पडला. म्हणून आधी बसवणी.

जपानी स्टिक पातळ धातूच्या पॅनलखाली बसतील अशा बेताने बनवलेल्या असतात. जाड एमडीएफखाली तशीच आवळली की दांड्याची अर्धी उंची लाकडातच जाते. दांड्याच्या टोकावरचा गोळा पॅनलच्या फार जवळ येतो, बोटं घासतात आणि मनगट वाकडं करून खेळावं लागतं. मग लोक म्हणतात, ‘ही स्टिक जमत नाही.’ उपाय म्हणजे राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) खालून खाच काढणे. खाच एकदम पूर्ण काढू नका. दोन-दोन मिमी खोल करत जा, दर वेळी स्टिक धरून मोजा. पॅनलच्या वरच्या पृष्ठभागापासून गोळ्याच्या तळापर्यंत साधारण २४ मिमी आलं की थांबा. लाकूड ५-६ मिमीपेक्षा कमी राहता कामा नये. तरीही उंची कमी पडली तर दांड्यावर चढवायचं एक्स्टेन्शन मिळतं, पण त्याने हाताची फेक (मध्यापासून दांडा जेवढा सरकवावा लागतो ते अंतर) लांबते. खाच काढणंच बरं.

इतक्या पातळ उरलेल्या एमडीएफमध्ये लाकडाचे स्क्रू टिकत नाहीत, काही आठवड्यांत आटे मोकळे होतात. वरून आरपार एम४ चे सपाट डोक्याचे बोल्ट आणि खाली लॉकनट, हेच घालावं. दांड्याचं भोक २४ मिमीचं ठेवलं. यापेक्षा लहान ठेवलं तर दांडा गेटला भिडण्याआधी लाकडाला भिडतो आणि गेट बदलूनही काही बदलल्यासारखं वाटत नाही. आणि स्टिक गुण्यात (काटकोनात) आहे ना ते बघा. तिची उजवी बाजू पडद्याच्या उजव्या बाजूला समांतर हवी, खेळाडूच्या खांद्याला नव्हे. दुसऱ्या खेळाडूची बाजू ‘आरामासाठी’ थोडी तिरकी बसवण्याची हौस बऱ्याच जणांना असते. चार-पाच अंश फिरली तरी सरळ पुढे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दिशेला, ढकललेला दांडा अधूनमधून ‘वर’ दिशेच्या स्विचला लागतो आणि पात्र उडी मारतं.

आता गेट. चौकोनी की अष्टकोनी, यावर भांडणं फार होतात. हिशोब साधा आहे. चौकोनात मध्यापासून भिंत जितकी लांब, त्याच्या १.४१ पट लांब कोपरा. म्हणजे तिरक्या दिशेला दोन्ही स्विचना पूर्ण फेक मिळते. अष्टकोनात आठही खाचा सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे तिरक्या खाचेत प्रत्येक स्विचच्या वाट्याला सरळ फेकीच्या फक्त ७० टक्के येतं. नवीन असताना हे पुरतं. वापराने स्विच दाबणारा अ‍ॅक्च्युएटर झिजला की आधी तिरक्या दिशाच गळतात, दोनपैकी एकच स्विच लागतो. इथे अष्टकोनी गेट चार महिने होतं. तिसऱ्या महिन्यापासून खाली-मागे धरून बसलेला स्ट्रीट फायटरचा गाइल मधूनच नुसता खाली बसलेला सापडायला लागला, म्हणजे चार्ज (खास डावासाठी दिशा धरून केलेली साठवण) गेला. चौकोनी गेट परत लावल्यावर तोच अ‍ॅक्च्युएटर मुकाट्याने चालला.

गेमपॅडवरून आलेल्यांना चौकोनात एक अडचण हमखास येते. हादोकेन, म्हणजे ऊर्जेचा गोळा फेकायचा डाव, घ्या: खाली, खाली-पुढे, पुढे. हात भिंतीला घासत जातो. खाली-पुढेच्या कोपऱ्यातून दांडा उजव्या भिंतीवरून वर सरकतो, आणि ‘पुढे’ नेमकं कुठे आहे हे ती सपाट भिंत सांगत नाही. वेगात असलेला हात थांबत नाही, वरचा स्विच टिक करतो, आणि हादोकेन सुटण्याऐवजी र्‍यू उडी मारतो. अष्टकोनात तिथे खाच असते म्हणून तो लगेच सोपा वाटतो. पण दोष भिंतीचा नाही. स्विच भिंतीच्या कितीतरी आधी लागतो, त्यामुळे टिक ऐकू आली की हाताने जोर सोडायचा, भिंत शोधायची नाही. आठवडाभर ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट दाखवणारी पट्टी चालू ठेवून हळूहळू केलं की बसतं. झांगीफ या पात्राच्या डावांना लागणारे दांड्याचे पूर्ण फेरे मात्र अष्टकोनात किंवा गोल गेटमध्ये खरोखर सुखाचे, कोपऱ्यांचे हिसके बसत नाहीत.

गेटपेक्षा जास्त फरक स्प्रिंगने पडला. जेएलएफची मूळ स्प्रिंग साधारण १ पौंडाची, हलकी. लांब बसून खेळायला छान, पण दांडा मध्यावर सावकाश येतो. पुढे-पुढे मारून धावायचं असेल तर दोन टॅपच्या मधला ‘मध्य’ नीट नोंदला जात नाही. तिथे २ पौंडांची स्प्रिंग घातली. डॅश स्वच्छ झाले, उड्या कमी झाल्या. सेइमित्सूच्या एलएस-५६ ची स्प्रिंग जेएलएफमध्ये घालण्याची जुनी युक्तीही चालते. ४ पौंडांची घालून पाहिली, तिने चार्ज पात्रांच्या खेळाडूंचं मनगट अर्ध्या तासात दुखायला लागतं. कॅबिनेट जागचं हलत नाही म्हणून कडक स्प्रिंग इथे सोसते. मांडीवर ठेवून खेळायच्या स्टिकच्या डब्यात तीच डबा ओढत नेते.

अ‍ॅक्च्युएटर म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकावरचं प्लास्टिकचं नळकांडं, स्विच तेच दाबतं. तो किंचित जाड मिळतो, त्याने स्विच लवकर लागतो. एक मिमीने जाड असलेला चालला. त्याहून जाड घालण्याच्या भानगडीत पडू नये: स्विच लवकर लागतो तसा उशिरा सुटतो, आणि स्प्रिंगने कमावलेला ‘मध्य’ परत हातचा जातो. स्प्रिंग आणि अ‍ॅक्च्युएटर एकाच दिवशी बदलू नका, बिघडलं तर कोणामुळे ते कळत नाही. आणि जे कराल ते दोन्ही बाजूंना करा. नाहीतर प्रत्येक हरलेला माणूस बाजू बदलून मागतो.

एलएस-३२ वाईट नाही, उलट किंग ऑफ फायटर्ससाठी तीच जास्त आवडली. त्या खेळात वरच्या दिशेला हलकी टिचकी मारून लगेच सोडली तरच छोटी उडी निघते. जेएलएफची फेक लांब, त्यामुळे टिचकी मारता मारता पूर्ण उडी होते. एलएस-३२ मध्ये मधलं मोकळं अंतर कमी आणि दांडा घट्ट, छोटी उडी दहापैकी नऊ वेळा मनासारखी. पण याच गुणामुळे हात ठेवून विसावणाऱ्या नवख्याकडून नको ती दिशा लागते. पाहुण्यांच्या कॅबिनेटवर म्हणून ती राहिली नाही.

कोरियन लिव्हरमध्ये स्प्रिंगच नसते. दांडा रबराच्या जाड कड्यात बसलेला, जितका कलवाल तितकं रबर परत ओढतं. गेट गोल, कोपरे नाहीत. सोडल्याबरोबर मध्यावर येऊन गप्प उभा राहतो, आणि टेक्केनमध्ये मागे-मागे मारून खाली-मागेने तोडत झपाट्याने मागे सरकण्याची जी हालचाल आहे, तिच्यासाठी हे रबर म्हणजे अर्धी मेहनत वाचली. तिरकी दिशा मात्र डोळे मिटून सापडत नाही, हाताला आठवावी लागते. हा लिव्हर खाली जास्त खोल जातो, तेव्हा पॅनलखालच्या वायरी आधी बाजूला बांधा. रबर वेगवेगळ्या कडकपणाचं मिळतं, मधलं घ्या. थंडीत ते आणखी ताठरतं, पहिले दोन सामने दांडा लाकडासारखा वाटतो. रबर झिजलं की दांडा मध्यावर डुगडुगतो, तेव्हा फक्त रबर बदलायचं, लिव्हर नाही.

अमेरिकन जातीच्या दांड्याबद्दल थोडक्यात. जाड लाकडासाठीच बनलेला, खाच लागत नाही, चार कॅरेज बोल्टांवर बसतो आणि सहसा मोडत नाही. फेक लांब, आवाज मोठा. मॉर्टल कॉम्बॅटसारख्या खेळांना शोभतो, वेगवान कॉम्बोंना (एकामागून एक जोडलेल्या फटक्यांना) थकवतो. जोडताना दोन चुका सगळेच करतात. एक, दांडा उजवीकडे ढकलला की त्याचं खालचं टोक डावीकडे जातं, म्हणून ‘उजवा’ म्हणजे डाव्या बाजूचा स्विच. दोन, स्विचला तीन पाती असतात. वायर कॉमन आणि नॉर्मली ओपनला (स्विच दाबल्यावरच जोडल्या जाणाऱ्या पात्याला) लावायची. नॉर्मली क्लोजला लागली तर हात न लावताच दिशा दाबलेली दिसते.

देखभाल फार नाही. दर तीन महिन्यांनी जेएलएफ उघडायची. खालच्या टोकाला खाच असते, तिच्यात चपटा स्क्रूड्रायव्हर धरून वरचा गोळा उलटा फिरवला की निघतो. खालची ई-क्लिप (दांडा अडवून धरणारी चिमुकली कडी) काढताना वर अंगठा ठेवा, नाहीतर ती उडते आणि सापडत नाही. आत पांढरी पूड जमलेली असते, ती प्लास्टिकच्या झिजेची. कोरड्या फडक्याने पुसा आणि दांडा ज्या गोल भागावर फिरतो तिथे सिलिकॉन ग्रीसचा तांदळाएवढा थेंब लावा. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो आधीचं ग्रीस धुऊन नेतो आणि स्विचमध्ये उतरतो. ग्रीस स्विचजवळ जाऊ द्यायचं नाही.

बिघाड ओळखण्याचा क्रम ठरलेला आहे. चारही दिशा एकदम गेल्या तर ग्राउंडची, म्हणजे सगळ्या स्विचना सामायिक असलेली, वायर. ग्राउंड बटणांतून साखळीने फिरवला असेल तर ती जिथे तुटली तिथून पुढची बटणंही गेलेली असतात, त्यावरून जागा सापडते. एकच दिशा गेली तर आधी पाच पिनांचा कनेक्टर काढून परत बसवा, निम्म्या वेळा तेवढंच असतं. नाही झालं तर त्या दिशेची वायर, मग स्विच. फक्त तिरक्या दिशा गळत असतील तर वायरीला हात लावू नका, अ‍ॅक्च्युएटर बघा. जेएलएफचे चारही स्विच एका छोट्या सर्किटच्या पाटीवर असतात. एक गेला तर सोल्डर करत बसण्यापेक्षा अख्खी पाटी बदलणं सोपं. अशी एक पाटी, दोन ई-क्लिप आणि एक पाच पिनांची वायर कॅबिनेटच्या आत पिशवीत चिकटवून ठेवली आहे.