टू हार्बर्सची ‘एडना जी.’: पंच्याऐंशी वर्षे राबलेली टगबोट

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर, टू हार्बर्स नावाचे लहानसे गाव आहे. डुलुथहून मोटारीने पाऊण तासाच्या आत तेथे पोहोचता येते. लोहखनिज भरण्याच्या अजस्र धक्क्यांशेजारी बांधून ठेवलेली ‘एडना जी.’ ही वाफेची टगबोट, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी-ढकलणारी लहान नौका, मी काही वर्षांपूर्वी तेथे पाहिली. बहुतेक प्रवासी पुढच्या स्प्लिट रॉक दीपगृहाकडे जाण्याच्या घाईत असतात, परंतु मराठी वाचकांपैकी जे कोणी त्या भागात राहतात किंवा सहलीला जातात, त्यांनी या नौकेसाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

ही नौका 1896 मध्ये क्लीव्हलंड शिपबिल्डिंग कंपनीने डुलुथ अँड आयर्न रेंज या रेल्वे कंपनीसाठी बांधली आणि कंपनीचे अध्यक्ष ग्रेटसिंगर यांच्या मुलीचे नाव तिला देण्यात आले. रेल्वे कंपनीने टगबोट कशासाठी बाळगावी, याचे उत्तर धक्क्यांकडे पाहिले की मिळते. खाणीतून आलेल्या गाड्या धक्क्याच्या माथ्यावर जातात, खनिज खालच्या कप्प्यांत उतरते आणि तेथून घसरगुंडीसारख्या नळ्यांवाटे जहाजाच्या पोटात पडते. ही साखळी चालू राहायची तर जहाज नेमक्या जागी आणि वेळेवर धक्क्याला लागलेच पाहिजे. अवजड जहाजाला अरुंद जागेत स्वतःच्या बळावर वळणे तेव्हा अवघड होते, म्हणून ते ओढण्या-ढकलण्याचे काम 110 फूट लांबीच्या या टगबोटीकडे आले. बर्फ फोडणे आणि आगीच्या वेळी पाण्याचा मारा करणे हीदेखील तिचीच कामे होती.

1901 मध्ये यू. एस. स्टील ही महाकाय कंपनी स्थापन झाली आणि खाणी, रेल्वे, धक्के व पिट्सबर्ग स्टीमशिप कंपनीची जहाजे हे सारे एकाच मालकीखाली आले. त्या ताफ्याच्या इतिहासात मोठ्या मालवाहू जहाजांची नावे ठळकपणे घेतली जातात आणि टगबोटींचा उल्लेख ओझरता येतो. मला हे अन्यायाचे वाटते, कारण बंदरात शिरल्यावर ती मोठी जहाजे याच लहान नौकेच्या भरवशावर होती.

तिची कीर्ती मुख्यतः 1905 च्या नोव्हेंबरमधील वादळाशी जोडलेली आहे. त्या वादळात पिट्सबर्ग स्टीमशिपच्या ‘विल्यम एडनबॉर्न’ या जहाजामागे बांधलेली ‘मडीरा’ ही 436 फुटी बार्ज (ओढून नेली जाणारी मालवाहू नौका) दोर सुटल्यावर गोल्ड रॉकच्या कड्यावर आदळून फुटली. एका खलाशाने कड्यावर उडी घेऊन वर दोर नेला, त्यामुळे दहांपैकी नऊ जण वाचले. दोन दिवसांनी ‘एडना जी.’ने त्यांना किनाऱ्यावरून आणले आणि बुडालेल्या अधिकाऱ्याचा मृतदेहही परत आणला. पुढे 1910 मध्ये स्प्लिट रॉकचा दिवा लागला, त्यामागे त्या वादळातील हानीच होती. हा प्रसंग मनाला भिडणारा आहे यात शंका नाही, तरीही या नौकेचे मोठेपण मला त्या एका फेरीपेक्षा, हंगामामागून हंगाम जहाजे धक्क्याला लावून देणाऱ्या हजारो निनावी फेऱ्यांत अधिक दिसते.

पहिल्या महायुद्धात तिला सरकारने अटलांटिक किनाऱ्यावर, व्हर्जिनियातील नॉरफोक येथे नेले आणि 1919 मध्ये ती परतली. त्यानंतरही ती 1981 पर्यंत राबली. तोवर ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे सुपीरियरसह तिथल्या पाच मोठ्या सरोवरांत, कोळशावर चालणारी ती शेवटची वाफेची टगबोट उरली होती. जहाजांच्या पुढच्या टोकाजवळ पाण्याखाली आडवा पंखा बसू लागला, त्यामुळे टगच्या मदतीशिवाय धक्क्याला लागणे त्यांना साधू लागले. यू. एस. स्टीलचे 1,004 फुटी ‘एडविन एच. गॉट’ 1979 मध्ये सेवेत आले आणि दोनच वर्षांत ‘एडना जी.’ निवृत्त झाली, हा योग मला फार बोलका वाटतो.

भेटीचा क्रम मात्र विचारपूर्वक ठरवावा. आधी जवळच्या जुन्या रेल्वे कार्यालयातील डेपो संग्रहालय आणि बाहेर उभी असलेली ‘थ्री स्पॉट’ व अवाढव्य मॅलेट ही इंजिने पाहावीत, म्हणजे खनिज बंदरापर्यंत कसे येत होते ते कळते आणि टगबोटीचे काम मग आपोआप उमगते. शेवटी बंदराच्या लाटारोधक बांधावर चालत जावे. धक्क्याला एखादे मोठे जहाज लागलेले असेल, तर त्याची लांबी नजरेत मावत नाही, आणि एवढे धूड जागेवर आणण्यासाठी पूर्वी किती कौशल्य लागत असेल ते तेथे उभे राहिल्यावर कळते. वाऱ्यासाठी जाड कपडे जवळ असू द्यावेत, कारण सुपीरियरचा वारा जुलैतही बोचतो.