पोटावरची पिशवी : दहा महिने वापरून झाल्यावर

मी कोल्हापुरात राजारामपुरीत ब्लाऊज शिवते. गेल्या गणपतीत गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, कोलोस्टोमी कायमची. म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढलंय, शी तिथून येते; त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. तेव्हापासून दोन भागांची पिशवी वापरते. पोटाला चिकटणारी प्लेट, आणि तिच्या रिंगवर टक्‌ करून बसणारी पिशवी.

सगळा खेळ मापाचा. प्लेटचं भोक स्टोमापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर मोठं हवं. माझा हात ब्लाऊजचा, सवयीनं सढळ मार्जिन सोडलं. उघड्या कातडीला शी लागून ती आठ दिवसांत सोलवटली. मग घाबरून भोक घट्ट कापलं. स्टोमाला दुखणं कळतच नाही, कड घासतेय हे रक्त दिसलं तेव्हा समजलं. त्यात पहिले सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणजे जुनं माप बाद. आता कागदाचा साचा ठेवलाय, ताडून बघूनच कापते. कात्री वेगळी, कापडाला लावत नाही.

ऑपरेशनआधी सिस्टर पोटावर पेनानं जागा आखत होत्या. म्हटलं, "सिस्टर, थांबा जरा, मशीनवर बसल्यासारखी बसते. परकराची नाडी कुठं येते बघा." त्यांनी खूण दोन बोटं खाली घेतली. त्या दोन बोटांवर माझं साडी नेसणं चाललंय.

प्लेट चार दिवस टिकते, आंघोळ तिच्यासकट होते. लावण्याआधी तळहातात धरून कोमट करा, चांगली बसते. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनानं प्लेट ओढली जाते.

तक्रारी आहेतच. पिशवीतली हवा सोडणारा, वास शोषणारा फिल्टर ओला झाला की कामातून जातो. मग मटकीची मिसळ खाल्ली की पिशवी टम्म, आणि मी गिऱ्हाईकाचं माप घेताना पदर पुढं ओढून उभी. एप्रिलात घामानं कड सुटली ती नेमकी केएमटीच्या बसमध्ये, रंकाळ्याच्या अलीकडं. पर्समध्ये जादा प्लेट होती, पण बदलायची कुठं? घरापर्यंत हात पोटावर दाबून आले. उन्हाळ्यात आता तिसऱ्याच दिवशी बदलते. आणि माझ्या मापाची प्लेट दुकानात कधी मिळेल तर शपथ! महिन्याच्या आठ आधीच सांगून ठेवते.

मशीन उचलत नाही, स्टोमाशेजारी हर्निया होतो म्हणतात. ते काम पोराचं. कॅन्सर परत आला का ते बघायची सीईए नावाची रक्ततपासणी दर तीन महिन्यांनी असते, त्या आठवड्यात शिवण उसवायचं प्रमाण वाढतं. बाकी लग्नसराई पूर्ण काढली, रविवारी तांबडा-पांढरा चालू आहे. कोबी तेवढा सोडलाय. तो तसाही मला कधी आवडत नव्हता.