वजनकाटा बरा की शिलाईची टेप?
चार वर्षं वजन ६८ च्याच आसपास, काटा खुश मी पण खुश, पण पॅन्टचं बटण लागेना म्हणून आईच्या मशीनच्या ड्रॉवरमधली टेप काढली तर कंबर ९६ सेंमी! आपल्याकडे पुरुषांना ९०, बायकांना ८० ही लिमिट. काट्याला स्नायू काय नि पोटातली चरबी काय, सगळं सारखंच, आणि इन्सुलिनचं गणित बिघडवते ती पोटातलीच. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून लावायची, पोट आत ओढून नाही (सगळे तेच करतात). वाढलेली कंबर, बीपी १३०/८५, उपाशीपोटी शुगर १००, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) कमी, यातलं कुठलंही तीन जमलं की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे डायबेटिस नि हार्टचा धोका वाढवणारी गडबड. काट्याचा आकडा त्यात धरतच नाहीत.