पन्नास रुपयांच्या सेलचे पाच हजार दोनशे

सोलापुरात साखर पेठेत माझ्या मामांचा चादरींचा छोटा कारखाना होता. माग कधीच भंगारात गेले. ऑफिसातला ४८६, म्हणजे त्या काळच्या प्रोसेसरचा कॉम्प्युटर मात्र मामांनी जपून ठेवला होता, अंगावर आपल्याच मागावरची चादर टाकून. १९९५ साली घेतलेला. कामगारांची हजेरी आणि पगार सगळा त्यातल्या फॉक्सप्रो नावाच्या डेटाबेस प्रोग्रॅमात.

यंदा ऐन उन्हाळ्यात कांडी भरणाऱ्या एक मावशी आल्या. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी दाखवायची होती आणि हजेरीची कागदी बुकं वाळवीनं खाल्लेली. मामा मला म्हणाले, "चालू करून बघ की रे ते मशीन."

चालू झालं. रॅमचा, म्हणजे मेमरीचा आकडा पळत पळत आठ हजाराच्या घरात जाऊन थांबला आणि खाली ओळी आल्या: 'सीमॉस बॅटरी स्टेट लो', म्हणजे सेटिंग सांभाळणारी बॅटरी उतरलीय, मग त्या सेटिंगचा हिशेब जुळत नाही अशी चेकसमची तक्रार, मग सी ड्राइव्हचा, म्हणजे हार्ड डिस्कचा एरर. तारीख १ जानेवारी १९८०. मी स्क्रीनचा फोटो काढला आणि बाजारातल्या एका रिपेअरवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन मिनिटांत त्याचा फोन. "हार्ड डिस्क गेलीय मालक. आणि ह्याला बाहेरची स्पेशल बॅटरी लागती. पण टेन्शन घेऊ नका, मी आहे."

बॅटरीचे अठराशे, डेटा रिकव्हरीचे चौतीसशे. तीन हजार मी फोनवरून पाठवले, बाकीचे रोख दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल घेतलं तर जीएसटी लागंल." मीही गप्प बसलो. इथं माझी चूक झाली, ती झाकत नाही.

नऊ दिवसांनी मशीन मिळालं. दुकानात त्यानं फायलींची यादी दाखवली, "बघा, सगळा डेटा परत आणला." मामांच्या डोळ्यांत पाणी. घरी आणलं, एक दिवस नीट चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा १९८०.

मग गल्लीतल्या अण्णांकडे गेलो. आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. मल्टिमीटर घेऊन आले, झाकण काढलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मदरबोर्डच्या कोपऱ्यात मुळात पिंपासारखी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते, ३.६ व्होल्टची. मशीन चालू असलं की ती चार्ज होते, बंद असलं की घड्याळ आणि सेटिंग सांभाळते. जुनी झाली की फुटते आणि आतलं अल्कली बोर्डावर पसरतं. त्या पठ्ठ्यानं पिंप तोडून काढलं होतं, पण खालची हिरवी बुरशी तशीच. वर दुहेरी टेपनं चिकटवलेला एक सीआर२०३२ सेल, मनगटी घड्याळातल्या सेलचा मोठा भाऊ, दोन वायरी लावून थेट जोडलेला. तोही वापरलेला. नवा सेल तीन व्होल्टच्या वर दाखवतो, हा २.१ दाखवत होता आणि किंचित फुगला होता.

अण्णा म्हणाले, "हा सेल चार्ज करायचा नसतो. बोर्ड मात्र त्याला चार्ज करत बसलाय. मध्ये एक डायोड टाकायचा, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा, तेवढीबी अक्कल नाही. फुटला असता की!"

आणि रिकव्हरी? हार्ड डिस्कला काही झालंच नव्हतं. त्या काळच्या मशीनला डिस्क केवढी आहे ते हातानं सांगावं लागायचं, आणि बॅटरी मेली की मशीन ते विसरतं. आकडे डिस्कच्या लेबलवरच छापलेले: सिलिंडर ९८९, हेड १५, सेक्टर ५६. सेटअपमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर जाऊन अण्णांनी ते टाकले. दोन मिनिटं लागली असतील. चौतीसशे रुपये ह्याचेच घेतले होते.

मग अण्णांनी व्हिनेगरमध्ये कापसाचा बोळा भिजवून हिरवं पुसलं, त्यावरून आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं आणि वाळू दिलं. सोलापूरचा उन्हाळा, वाळायला किती वेळ लागणार! नवा सेल पन्नास रुपयांचा, होल्डरमध्ये बसवला, वाटेत डायोड. मशीन उठलं. पण रॅमचा आकडा चार हजाराच्या अलीकडंच थांबला. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक गायब होती. जुन्या मशीनचे शौकीन असल्या पट्ट्यांना पैसे मोजतात, हे मला तेव्हा कळलं.

दुकानात गेलो. "आमच्याकडं आलं तेव्हा एकच होती मालक." मी त्याच्याच व्हॉट्सॲपवर मीच पाठवलेला फोटो उघडून समोर धरला. आकडा त्यात स्पष्ट दिसत होता. तो काही न बोलता उठला, काउंटरचा खण उघडला आणि पट्टी माझ्या हातात ठेवली. खणात तसल्या आणखी सात-आठ पट्ट्या होत्या. कुणाकुणाच्या, देव जाणे.

तेव्हा जुनं मशीन कुठंही देताना आधी झाकण उघडून आतला फोटो काढा, आणि हार्ड डिस्कचं लेबल वाचता येईल असा वेगळा. चालू करताना दिसणाऱ्या आकड्यांचाही काढा. पिंपवाली बॅटरी दिसली तर मशीन अजून नीट काम देत असलं तरी ते बंद करून ती काढून घ्या, ती फुटायची वाट बघू नका. आणि "डिस्क गेली" म्हणाला तर आधी विचारा, सेटअपमध्ये आकडे टाकून बघितले का?

बॅटरीचे अठराशे त्यानं त्याच दिवशी परत दिले. रिकव्हरीचे द्यायला तयार नाही. "मेहनत लागली" म्हणतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे, पुरावा म्हणून तीन हजार पाठवल्याची नोंद आणि तो फोटो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, त्यामुळे तिथवरही जाणार आहे. मावशींची अकरा वर्षांची हजेरी निघाली. प्रिंटरची रिबन वाळून कडक झालेली, म्हणून स्क्रीनचे एकेक पान मोबाइलवर टिपून दिलं.